जुन्या शेव्हरोले ३५० ला रोलर कॅम बसवायचा म्हणजे नेमकं काय काय बदलावं लागतं

ऑइल फिल्टर कापून कधी बघितलाय का? बाहेरचं पत्र्याचं डबडं कापायचं, आतला चुण्याचुण्यांचा कागद ओढून काढायचा, उन्हात उलगडायचा आणि जरा तिरका धरायचा. धडधाकट इंजिनचा कागद नुसता काळा आणि तेलकट दिसतो. आमच्या शेजाऱ्यांच्या १९७० च्या शेव्हरोले शेव्हेलचा कागद मात्र लग्नपत्रिकेवरच्या चमकीसारखा धातूच्या पुडीने लखलखत होता, आणि नवा कॅमशाफ्ट आणि नवे लिफ्टर घालून गाडी जेमतेम ३०० मैल चालली होती.

मी राहतो मिशिगनमधे, डेट्रॉइटच्या जवळ. इकडे ऑगस्टमधे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, वुडवर्ड ड्रीम क्रूझ म्हणतात, १९९५ पासून चालू आहे, आणि आमच्या गल्लीतल्या दोन-तीन घरांचं उन्हाळ्याचं सगळं वेळापत्रक त्या एका शनिवारभोवती फिरतं. तर शेजाऱ्यांची गाडी कार्ब्युरेटरमधून फट फट आवाज काढायला लागली, आधी वाटलं टायमिंग चुकलंय, मग वाटलं कार्ब्युरेटर, शेवटी व्हॉल्व्ह कव्हर काढून इंजिन हाताने फिरवलं तर एका एक्झॉस्टचा रॉकर बाकीच्यांच्या निम्माही हलत नव्हता. जळालेला गॅस बाहेर जायला वाट नाही म्हटल्यावर इनटेक उघडला की तो तिकडूनच वर येणार, तोच तो फट फट. कॅमचा तेवढा एक लोब घासून गोल झाला होता.

फोटो काढून मी आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. मामेभावाचं कोल्हापूरला गॅरेज आहे, त्याचा लगेच मेसेज, "रोलर कॅम टाका की मग, विषय संपला." त्याला फोनवर तासभर सांगितलं की बाबा विषय संपत नाही, तिथून सुरू होतो. त्यातलंच सगळं इथे लिहितोय, इंजिनिअर नसलेल्यांनाही कळेल असं.

आधी थोडकं. इंजिनमधे हवा-पेट्रोल आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला व्हॉल्व्ह असतात, ते उघडायचं काम कॅमशाफ्ट करतो. एक लांब दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे, त्यांना लोब म्हणायचं. दांडा फिरला की अंड्याचं टोक वर येतं आणि त्याच्या डोक्यावर बसलेल्या नळकांड्याला वर ढकलतं. हे नळकांडं म्हणजे लिफ्टर, आपल्याकडे त्याला टॅपेट म्हणतात. लिफ्टर पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर सी-सॉसारखा दुसऱ्या बाजूने व्हॉल्व्ह खाली दाबतो. परत बंद करायला स्प्रिंग. पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुनी बुलेट, सगळ्यांत हीच पुशरॉडची भानगड, त्यामुळे ज्यांनी कधी फीलर गेज घालून टॅपेट सेटिंग केलंय त्यांच्यासाठी यात नवीन काही नाही. शेव्हरोलेच्या व्ही-८ मधे फरक इतकाच की आठ सिलिंडरचे मिळून १६ लोब एकाच कॅमवर असतात, कॅम दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधोमध ब्लॉकच्या पोटात असतो, आणि लिफ्टर बहुतेक वेळा हायड्रॉलिक, म्हणजे आत तेलाची गादी असलेला, सारखं सेटिंग करायला न लावणारा.

हे ३५० म्हणजे ३५० क्युबिक इंच, आपल्या हिशोबात ५.७ लिटर. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक खानदानातलं, मूळ इंजिन १९५५ चं २६५ क्युबिक इंचाचं, ३५० आलं १९६७ च्या कमॅरोत, आणि पुढे कमॅरो, शेव्हेल, नोव्हा, पिकअप ट्रक, जिथे मावेल तिथे घातलं. अमेरिकेत भंगारवाल्याकडे सुद्धा सहज मिळणारं इंजिन, म्हणून उदाहरण त्याचंच घेतोय.

आता त्या जुन्या लिफ्टरला फ्लॅट टॅपेट म्हणतात, म्हणजे खालचा तळ सपाट. आणि सगळी गंमत इथेच आहे, कारण तो सपाट नसतोच. तळाला अगदी बारीकसा फुगवटा असतो, मोठ्या चेंडूचा एक तुकडा कापून चिकटवावा तसा, मधला भाग कडेपेक्षा साधारण दोन हजारांश इंच वर. आणि ज्या लोबवर तो बसतो तो लोबही सरळ नसतो, एका बाजूला किंचित उतार दिलेला असतो, साधारण एक हजारांश इंचाचा. एक हजारांश इंच म्हणजे ०.०२५ मिलीमीटर, डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. शिवाय लिफ्टरचं भोक लोबच्या बरोबर मध्यावर नसतं, जरा बाजूला सरकवलेलं असतं. फुगवटा, उतार आणि सरकवलेलं भोक, या तिन्हींमुळे लोब लिफ्टरला मधोमध न घासता एका बाजूला घासतो, आणि बाजूला घासलं की लिफ्टर आपल्या भोकात गोल फिरायला लागतो.

हे फिरणं म्हणजे त्याचा जीव. सहाणेवर चंदन उगाळताना आपण खोड गोल गोल फिरवत राहतो, एकाच जागी पुढे-मागे घासलं तर तिथे खड्डा पडतो, तसंच. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा शंभर पौंडांच्या वरचा दाब, लोबचं टोक आणि लिफ्टर यांचा स्पर्श एका बारीकशा रेघेएवढा, आणि सगळं घसरत घसरत. लिफ्टर फिरतोय तोवर दर फेरीला नवी जागा घासायला मिळते, झीज वाटली जाते, आणि हेच इंजिन लाख मैल जातं. एकदा का फिरायचा थांबला की खेळ काही मिनिटांचा. लिफ्टरचा फुगवटा जाऊन खोलगट वाटी होते, लोबचं टोक जातं, आणि ती सगळी लोखंडाची पूड तेलातून बेअरिंगपर्यंत.

आणि नवा कॅम घातल्यावरची पहिली २० ते ३० मिनिटं तर जीव मुठीत धरून बसायची असतात. नवा लोब आणि नवा लिफ्टर यांची अजून ओळख झालेली नसते, दोघांना एकमेकांवर घासून जम बसवायचा असतो. म्हणून नियम असा, की इंजिन चालू झाल्या झाल्या आरपीएम २००० च्या वर न्यायचे आणि थोडे कमी-जास्त करत तेवढा वेळ तिथेच ठेवायचे, आयडलला अजिबात सोडायचं नाही. कारण लोबना तेलाची वेगळी नळी नसते, खाली क्रँक गरागरा फिरताना जे तेल उडतं त्यावरच त्यांची आंघोळ, आणि आयडलला क्रँक हळू म्हटल्यावर तेलही कमी उडणार. दुसरं कारण लोकांना सहसा माहीत नसतं. वेग जास्त असला की लोबच्या टोकावरून जाताना लिफ्टर-पुशरॉडच्या जडत्वामुळे त्यांचा कल वर उडायचा असतो, त्यामुळे स्प्रिंगचा दाब टोकावर पूर्ण लागत नाही. हळू चालताना ही सूट नाही, स्प्रिंगचा सगळा भार टोकावर. म्हणजे जिथे तेल सगळ्यात कमी तिथेच भार सगळ्यात जास्त. आणि आपण बिचारे समजतो आयडलला ठेवलं म्हणजे इंजिनला आराम! स्प्रिंग दुहेरी असतील तर आतली स्प्रिंग तेवढ्यापुरती काढून ठेवणारे लोकही आहेत, शेजाऱ्यांनी मात्र नव्हती काढली, आणि मधेच पाणी गळतंय म्हणून पाच-सात मिनिटं आयडलला सोडून पाईप आवळत बसले होते. तेच कारण होतं का दुसरं काही, शपथेवर नाही सांगता येणार, पण माझा संशय तिथेच.

तेलाचाही भाग आहेच. जुन्या तेलात झेडडीडीपी नावाचं एक रसायन भरपूर असायचं, जस्त आणि फॉस्फरसवालं, रगड बसली की लोखंडावर त्याचा पातळ थर जमतो आणि धातूला धातू थेट लागू देत नाही. फ्लॅट टॅपेटसाठी हे अमृत. पण १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकन गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागायला लागले, आणि फॉस्फरस हळूहळू जळून धुरात जाऊन त्या कन्व्हर्टरचं वाटोळं करतो. म्हणून तेलातल्या फॉस्फरसवर मर्यादा येत गेल्या, २००४ ला आलेल्या एपीआय एसएम दर्जात नेहमीच्या पातळ ग्रेडसाठी ती ०.०८ टक्के झाली. नव्या गाड्यांना फारसा फरक पडला नाही कारण त्यांच्यातल्या बऱ्याच इंजिनांत असे सपाट टॅपेट घासतच नव्हते. मेली ती जुनी इंजिनं. मग लोकांनी डिझेलचं तेल वापरून बघितलं, झिंकच्या बाटल्या ओतल्या, आता जुन्या गाड्यांसाठी वेगळं जास्त झिंकवालं तेलही मिळतं. सगळा दोष तेलावर टाकणारे पुष्कळ आहेत, मला ते अर्धसत्य वाटतं. लोकांना जास्त पॉवर हवी म्हणून कॅमचे लोब तिखट झाले, त्यांना कडक स्प्रिंग आल्या, आणि स्वस्तातल्या लिफ्टरचा तळ नीट घासलेला असेलच याची खात्री नाही. मी स्वतः एका नव्या सेटमधले दोन लिफ्टर तळाला तळ लावून उजेडासमोर धरले, फुगवटा असेल तर ते एकमेकांवर डुगडुगायला पाहिजेत आणि कडेला फट दिसायला पाहिजे, ते दोघे आरशासारखे चिकटून बसले. ते परत पाठवले.

मग रोलर. कल्पना एकदम साधी, लिफ्टरच्या तळाला एक चाक लावायचं, चाकात सुईसारखी बारीक बेअरिंग. घासायचं बंद, लोळायचं सुरू. जड ट्रंक फरशीवरून ओढायची आणि तीच ट्रंक खाली चार लाटणी टाकून ढकलायची, एवढा फरक. हार्ले-डेव्हिडसनच्या मोटरसायकलींत रोलर टॅपेट कितीतरी आधीपासून होते, आणि तिथूनच कल्पना उचलून कॅलिफोर्नियातल्या चेट हर्बर्टने १९५० च्या आसपास रेसिंगच्या गाड्यांसाठी रोलर कॅम बनवायला सुरुवात केली. कारखान्यांना मात्र तो खर्च नको होता, साठच्या दशकातल्या नावाजलेल्या मसल कार, मग पॉन्टिॲकची जीटीओ असो नाहीतर शेव्हेल, सगळ्या फ्लॅट टॅपेटवरच पळाल्या. पेट्रोल वाचवायची सक्ती आली तेव्हा कुठे डेट्रॉइटला घर्षण आठवलं. फोर्डने १९८५ च्या मस्टँगच्या ५.० लिटर इंजिनात हायड्रॉलिक रोलर दिले, शेव्हरोलेच्या ३५० ला १९८७ ला मिळाले.

घर्षण कमी होतं हे झालंच, पण दुसरा फायदा भूमितीचा आहे, आणि मला तो जास्त आवडतो. सपाट टॅपेट जेवढ्या झपाट्याने वर जातो तेवढा लोबचा स्पर्शबिंदू त्याच्या मध्यापासून बाहेर कडेकडे सरकतो. गणितात हे अगदी नेमकं बसतं, वर जायचा वेग जेवढा तेवढंच मध्यापासूनचं अंतर. म्हणजे लिफ्टरचा व्यास हीच वेगाची मर्यादा, त्याच्या पलीकडे गेलात की लिफ्टरची कड लोबमधे रुतणार. शेव्हरोलेचा लिफ्टर ०.८४२ इंच, फोर्डचा ०.८७४, क्रायस्लरचा ०.९०४. म्हणूनच क्रायस्लरवाले कॅमच्या बाबतीत जरा तोऱ्यात असतात, त्यांच्या थाळीएवढ्या टॅपेटला लोब जास्त चपळ देता येतो. चाकाला कड नाही त्यामुळे ही मर्यादा नाही, व्हॉल्व्ह झपकन उघडा, वर जास्त वेळ ठेवा, झपकन बंद करा. मूळच्या साध्या ३५० चा कॅम इनटेक व्हॉल्व्ह ०.३९० इंच उचलायचा, म्हणजे १० मिलीमीटरही नाही. रस्त्यावर चालवायच्या मवाळ रोलर कॅमला ०.५०० इंच म्हणजे १२.७ मिलीमीटर ही रोजची गोष्ट आहे, आणि तरीसुद्धा आयडल बऱ्यापैकी शांत राहतं. पण म्हणून रोलरने शंभर घोडे वाढतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जुन्या हेडची पोर्टं, म्हणजे हवा जायच्या वाटा, तेवढ्याच राहिल्या तर हवा तेवढीच जाणार.

आता मामेभावाच्या "विषय संपला" वर येतो. कॅम बाहेर ओढला, रोलरचा आत सरकवला, झालं, असं का होत नाही? कारण मघाशी सांगितलेला तो लोबवरचा एक हजारांश इंचाचा उतार. चाक लोबवर सरळ बसायला हवं म्हणून रोलर कॅमच्या लोबला उतार नसतो, तो काढून टाकलेला असतो. आणि तो उतार जुन्या इंजिनात गुपचूप किती कामं करत होता ते तो गेल्यावर कळतं, घरातली आजी गावाला गेल्यावर कळतं तसं.

पहिलं काम लिफ्टर फिरवायचं. आता उलटं पाहिजे, लिफ्टर अजिबात फिरता कामा नये, चाक तिरकं झालं तर लोबवर आडवं घासून दोघांचाही सत्यानाश. १९८७ नंतरच्या ब्लॉकमधे कारखान्याने यासाठी सोय केली, लिफ्टरच्या जोडीवर एक चपटी पट्टी बसते आणि सगळ्या पट्ट्यांना वरून कोळ्याच्या पायांसारखा पत्रा दाबून धरतो, त्याला स्पायडरच म्हणतात. जुन्या ब्लॉकला त्या पत्र्याचे बोल्ट लावायला आटेच नाहीत. म्हणून जुन्यासाठी वेगळे रेट्रोफिट लिफ्टर घ्यावे लागतात, दोन-दोन लिफ्टर एका आडव्या दांडीने जोडलेले, वर-खाली जातील पण गोल फिरणार नाहीत, तीन पायांच्या शर्यतीत दोघांचा एकेक पाय बांधतात तसे. महाग प्रकरण आहे, सगळ्या कामातला सगळ्यात जड खर्च हाच.

दुसरं काम जास्त छुपं. १६ लोबचे ते बारके उतार, आणि प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या तिरक्या दात्यांच्या गिअरचा रेटा, हे मिळून जुन्या शेव्हरोलेचा कॅम सतत मागे, ब्लॉकच्या दिशेने, दाबून ठेवत होते. त्यामुळे शेव्हरोलेने कॅमला पुढे अडवायला काही लावलंच नाही, गरजच नव्हती. उतार गेला की कॅम पुढे-मागे चालायला मोकळा. मागे त्याच्यावरच डिस्ट्रिब्युटरचा गिअर बसलेला, दाते तिरके, म्हणजे कॅम जरा पुढे सरकला की डिस्ट्रिब्युटर जरा फिरतो आणि इग्निशनचं टायमिंग हलतं. टायमिंग लाइट मारला तर खूण एका जागी थांबायलाच तयार नाही, माणूस वेडा होतो डिस्ट्रिब्युटर बदलून बदलून. उपाय म्हणजे कॅमच्या तोंडाशी एक बटण बसवायचं जे टायमिंग कव्हरला टेकेल, आणि मधे साधारण ५ ते १० हजारांश इंच खेळ ठेवायचा. पण मूळचं टायमिंग कव्हर असतं पातळ पत्र्याचं, बटणाने रेटलं की ते डब्याच्या झाकणासारखं फुगणार, मग खेळ मोजून काय उपयोग. म्हणून जाड ओतीव ॲल्युमिनियमचं कव्हर. बघा, कॅम बदलायला निघालो आणि कव्हर बदलून बसलो. फोर्डच्या स्मॉल ब्लॉकवाल्यांना हा त्रास नाही, त्यांच्याकडे कॅमला अडवणारी प्लेट मुळापासून आहे. त्यांचं दुखणं वेगळं, त्यांच्या जुन्या ३०२ क्युबिक इंचाच्या इंजिनात मस्टँगच्या ५.० एचओचा कॅम टाकला तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रमच बदलतो, जुनी १-५-४-२-६-३-७-८ आणि नवी १-३-७-२-६-५-४-८, प्लगच्या वायरी जुन्याच क्रमाने लावल्या तर गाडी नुसती खोकत बसते.

तिसरी गोष्ट उताराची नाही, धातूची. फ्लॅट कॅम ओतीव लोखंडाचा असतो, रोलरचे बरेच कॅम पोलादाचे, कारण चाकाचा भार लोबवर फार बारीक रेघेत येतो, लोखंड टिकणार नाही. पण कॅमच्या मागच्या टोकाचे गिअरचे दातेही त्याच दांड्यातून कापलेले, म्हणजे तेही पोलादी, आणि त्यांच्यावर चालणारा डिस्ट्रिब्युटरचा जुना गिअर लोखंडी. दोघांचं जमत नाही, लोखंडी गिअर काही दिवसांत धारदार कोयत्यासारखा झिजतो. आणि स्मॉल ब्लॉकमधे ऑइल पंप याच डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याने फिरतो, गिअर गेला म्हणजे नुसती ठिणगी नाही, तेलही गेलं. म्हणून ब्राँझचा गिअर घालतात, तो मऊ असल्यामुळे स्वतः झिजतो पण कॅमला सांभाळतो, अधूनमधून काढून बघावा लागतो. नाहीतर मेलोनाइज्ड म्हणजे पृष्ठभाग खास कडक केलेला पोलादी गिअर. काही रोलर कॅमवर मागे लोखंडी गिअर वेगळा ठोकून बसवलेला असतो, तिथे जुना गिअर चालतो. कॅमबरोबर येणाऱ्या कागदावर कुठला गिअर चालेल ते लिहिलेलं असतं आणि तो कागद लोक सगळ्यात आधी हरवतात. पेट्रोलचा यांत्रिक पंप असेल तर त्याचा दांडाही याच कॅमवर टेकतो, त्याला ब्राँझचं टोक असलेला दांडा घ्यायचा.

पुशरॉड तर बदलावेच लागतात. रोलर लिफ्टर उंच असतो, म्हणून पुशरॉड तेवढा आखूड. जुन्या फ्लॅट टॅपेट ३५० चा साधारण ७.८ इंच, कारखान्याच्या रोलरवाल्याचा ७.२, आणि रेट्रोफिट लिफ्टरला बहुतेकदा ७.३ च्या आसपास. "आसपास" वर ऑर्डर मात्र द्यायची नाही. लांबी कमी-जास्त करता येणारा एक मोजायचा पुशरॉड मिळतो, तो घालून इंजिन दोनदा फिरवायचं, व्हॉल्व्हच्या टोकावर रॉकरचा वण कुठे पडतो ते बघायचं, बारीक आणि साधारण मध्यावर असला की तीच लांबी. अर्ध्या तासाचं काम आहे.

स्प्रिंगपण. रोलर लिफ्टर जड, लोब जास्त तिखट, जुन्या मऊ स्प्रिंगला त्याला लोबवर धरून ठेवणं जमत नाही. ६००० आरपीएमला कॅम निम्म्या वेगाने, म्हणजे ३००० ने फिरतो, एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि बंद होतो. या वेगात चाक लोब सोडून उडालं आणि परत आपटलं की त्यातल्या सुया तुटतात. व्हॉल्व्ह बंद असताना १२० ते १५० पौंडांच्या मधली स्प्रिंग साधारण चालते, कॅम बनवणारा सांगेल तीच घ्यायची. उचल वाढली म्हणून स्प्रिंग पूर्ण दबून वेटोळ्याला वेटोळं टेकत नाही ना, आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना, हेही बघायचं. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली माती थापायची, हेड बसवून इंजिन हाताने फिरवायचं, परत उघडून माती कापून जाडी मोजायची. इनटेकला ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच तरी पाहिजे.

सॉलिड रोलरचं नाव घेतो आणि सोडून देतो. त्यात तेलाची गादी नाही, सारखं सेटिंग, स्प्रिंग राक्षसी. रेसला ठीक, रोज सिग्नलला थांबायच्या गाडीत त्या सुयांना फार सोसावं लागतं. शेजाऱ्यांचा हट्ट होता त्याचा दोन दिवस, आवाजासाठी. शेजारीणबाईंनी एका वाक्यात मोडून काढला.

खर्च? फ्लॅट कॅम आणि लिफ्टर काही शे डॉलरात येतात. रोलरचं सगळं धरलं, कॅम, लिफ्टर, पुशरॉड, स्प्रिंग, बटण, कव्हर, गिअर, तर दीड-दोन हजार डॉलर सहज. म्हणून बरेच जण वेगळा रस्ता धरतात, १९९६ ते २००० च्या शेव्हरोले ट्रकमधलं व्होर्टेक ३५० भंगारातून उचलतात, त्यात रोलर कारखान्यातूनच आहेत आणि हेडही जुन्यापेक्षा कितीतरी चांगले. पण १९८६ पासून ३५० च्या क्रँकचा मागचा तेलाचा सील एका तुकड्याचा झाला, त्यामुळे जुना फ्लायव्हील किंवा फ्लेक्सप्लेट त्याला बसत नाही, इनटेक मॅनिफोल्डही वेगळा लागतो. शिवाय मूळ नंबरचं इंजिन गाडीतून काढलं की गाडीची किंमत पडते. शेजाऱ्यांच्या शेव्हेलचं इंजिन तिच्या जन्मापासूनचं, त्यामुळे हा रस्ता त्यांच्यासाठी बंद होता. आत कॅम कुठला आहे ते बाहेरून कुणाला दिसत नाही, हे एक बरं आहे.

मला विचाराल तर ज्याची गाडी मूळ मऊ कॅमवर, मूळ लिफ्टरवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललीये त्याने याच्या वाट्याला जाऊ नये, चांगलं तेल घालावं आणि चालवावी. जम बसलेल्या फ्लॅट टॅपेटला एवढं भ्यायचं कारण नाही. फक्त लिफ्टर काढलेच तर जो ज्या लोबचा तो तिथेच परत गेला पाहिजे, अंड्याच्या ट्रेवर नंबर घालून ठेवा. पण कॅम बदलायचाच असेल, त्यातून जरा तिखट, तर आजच्या दिवसात मी फ्लॅटचा जुगार खेळणार नाही. वाचवलेले हजार डॉलर एका लोबबरोबर जातात आणि वर अख्खं इंजिन उघडावं लागतं.

कारण ते उघडावंच लागतं. शेजाऱ्यांचं इंजिन आम्ही खाली उतरवलं, मेन बेअरिंगवर लोखंडाच्या पुडीचे ओरखडे, ऑइल पंपात चरे, आणि मेलेला लिफ्टर खालून दगडावर ठोकलेल्या पहारीच्या टोकासारखा पसरून भोकात अडकलेला. ब्लॉक धुवायला पाठवला, तेलाच्या वाटांची टोपणं काढून आतून ब्रश मारले, बेअरिंग नवी टाकली. लोक नुसतं तेल बदलून नवा कॅम टाकतात आणि सहा महिन्यांनी परत रडतात. रोलरच्या सुयांना तर लोखंडाची पूड बिलकूल खपत नाही.

रोलर कॅम घालून इंजिन परत चढवल्यावर डिस्ट्रिब्युटर बाहेर ठेवून त्याच्या भोकातून लांब दांडा घालून ड्रिल मशीनने ऑइल पंप फिरवला, प्रत्येक रॉकरमधून तेल झिरपताना दिसेपर्यंत. मग डिस्ट्रिब्युटर, नव्या गिअरसकट. पिस्टनच्या रिंग नव्या नव्हत्या त्यामुळे त्यांचा जम बसवायचीही काळजी नव्हती. दुसऱ्या प्रयत्नात गाडी चालू झाली आणि सवयीने शेजाऱ्यांचा हात कार्ब्युरेटरच्या लिव्हरकडे गेला, २००० वर धरायला. मी म्हटलं सोडा, रोलरला ते जम बसवणं लागत नाही. मी टायमिंग लाइट धरला, खूण १२ डिग्रीवर खिळ्याने ठोकल्यासारखी उभी. त्यांनी आणखी पाचेक मिनिटं वाकून ऐकलं, मग गाडी तशीच ८०० आरपीएमवर गुरगुरत सोडून हात धुवायला आत गेले.